खेळाडूभरती, अमेरिकी महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील विद्यापीठांचे बास्केटबॉल-प्रशिक्षक हायस्कुलात शिकणारे गुणी खेळाडू हेरतात, त्यांच्याशी व त्यांच्या पालकांशी दोन-तीन वर्षे संबंध राखतात आणि शिष्यवृत्ती देऊ करून त्यांना आपल्या संघात आणतात. या नियमबद्ध आणि चुरशीच्या प्रक्रियेस तेथे ‘रिक्रूटिंग’, म्हणजे खेळाडूभरती, असे म्हणतात. युरोपातील फुटबॉलप्रमाणे अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल संघ लहान वयातील मुले स्वतःच्या अकादमीत घडवीत नाहीत. ते काम तेथे प्रामुख्याने शाळा आणि विद्यापीठे करतात, आणि म्हणूनच सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने कोणते विद्यापीठ निवडले, ही गोष्ट संपूर्ण राज्याच्या चर्चेचा विषय होते. भरतीच्या परिभाषेत विद्यापीठ ज्या राज्यात आहे त्याच राज्यात शिकलेला खेळाडू स्थानिक मानला जातो. राज्य विद्यापीठे अंशतः करदात्यांच्या पैशावर चालत असल्याने आपल्या राज्यातील उत्तम खेळाडू बाहेर जाऊ न देणे हे प्रशिक्षकाचे कर्तव्यच आहे, अशी लोकभावना असते. तथापि या खेळाचा इतिहास पाहता कोण स्थानिक ठरला आणि कोणाला घर सोडून दूर जावे लागले, हे खेळाडूच्या निष्ठेपेक्षा त्याच्यासाठी कोणती दारे उघडी होती यावर अधिक अवलंबून राहिले आहे.

महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांचे नियमन 1906 साली स्थापन झालेली आणि पुढे एनसीएए या नावाने ओळखली जाऊ लागलेली संस्था करते. 1973 पासून तिच्या सदस्य-विद्यापीठांची तीन विभागांत वाटणी झाली असून पहिल्या विभागातील विद्यापीठे सर्वांत मोठ्या स्तरावर खेळतात, तर तिसऱ्या विभागात क्रीडा-शिष्यवृत्ती दिली जात नाही. पहिल्या विभागात असूनही हार्वर्ड, प्रिन्स्टन आदी आठ विद्यापीठांचा आयव्ही लीग हा गट अशी शिष्यवृत्ती देत नाही. पहिल्या विभागातील पुरुष संघाला 2024–25 च्या हंगामापर्यंत तेरा आणि महिला संघाला पंधरा पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत असत. पूर्ण शिष्यवृत्तीत शिक्षणशुल्क, निवास, भोजन आणि पुस्तके यांचा खर्च येतो. राज्य विद्यापीठांत परराज्यातील विद्यार्थ्यांचे शुल्क स्थानिकांच्या शुल्काहून बरेच अधिक असल्यामुळे बाहेरून आणलेल्या खेळाडूचा हिशेबी खर्च क्रीडा-विभागाला जास्त पडतो. परंतु शिष्यवृत्त्यांची मर्यादा पैशात नसून संख्येत असल्याने बास्केटबॉलमध्ये हा फरक क्वचितच निर्णायक ठरला. लहानशा संघात एक असामान्य खेळाडू सगळे चित्र पालटू शकतो, आणि त्याच्यासाठी देशाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाणे कोणत्याही प्रशिक्षकाला परवडते.

प्रशिक्षकांनी खेळाडूला केव्हा भेटावे, केव्हा केवळ त्याचा खेळ पाहावा आणि केव्हा कोणतीही प्रत्यक्ष भेट टाळावी, याचे वर्षभराचे वेळापत्रक एनसीएए ठरवून देते. विद्यापीठाच्या खर्चाने होणारी भेट ‘अधिकृत’ आणि कुटुंबाने स्वतःच्या खर्चाने केलेली भेट ‘अनधिकृत’ समजली जाते. स्थानिक खेळाडूला मिळणारा खरा लाभ या दुसऱ्या प्रकारात आहे, कारण तासाभराच्या अंतरावर राहणारा मुलगा हवे तितके सामने पाहायला येऊ शकतो आणि तोवर प्रशिक्षक, सहायक प्रशिक्षक व संघातील मुले त्याच्या ओळखीची होतात. खेळाडूने दिलेला तोंडी होकार कोणावरही बंधनकारक नसतो. बंधन निर्माण होई ते ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’ या करारपत्रावर सही केल्याने. ही पद्धत 1964 मध्ये सुरू झाली आणि 2024 मध्ये रद्द करण्यात आली. याखेरीज हायस्कुलातील सोळा मूलभूत अभ्यासक्रम आणि त्यांत किमान 2.3 गुणसरासरी ही पहिल्या विभागासाठी शैक्षणिक पात्रतेची अट आहे; प्रमाणित प्रवेश-परीक्षेची अट 2023 मध्ये काढून टाकण्यात आली.

दूरवरून खेळाडू आणण्याची पद्धतशीर सुरुवात कशी झाली, हे समजण्यासाठी नॉर्थ कॅरोलायना राज्याकडे पाहावे लागते. 1946 साली रॅले येथील नॉर्थ कॅरोलायना स्टेट या विद्यापीठाने एव्हरेट केस यांना प्रशिक्षक नेमले. ते इंडियाना राज्यातील फ्रँकफर्ट हायस्कूलला चार वेळा राज्य अजिंक्यपद मिळवून देणारे प्रशिक्षक होते, आणि इंडियानात त्या काळी हायस्कूल बास्केटबॉलचे वेड असे होते की छोट्या गावांतील क्रीडागृहेही प्रेक्षकांनी भरून जात. केस यांनी आपल्या जुन्या ओळखींतून इंडियानातील खेळाडू रॅलेला आणले आणि 1947 ते 1952 अशी सलग सहा वर्षे सदर्न कॉन्फरन्स या विद्यापीठगटाचे विजेतेपद पटकावले. जवळच चॅपल हिल येथे असलेल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाला ही नामुष्की सहन होईना, म्हणून त्याने 1952 मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्स विद्यापीठाचे प्रशिक्षक फ्रँक मॅग्वायर यांना बोलावून घेतले.

मॅग्वायर यांच्या आगमनामागे न्यूयॉर्कमधील एका मोठ्या पडझडीची पार्श्वभूमी होती. सिटी कॉलेज ऑफ न्यूयॉर्क हे शहरातील मुलांना विनामूल्य शिक्षण देणारे महाविद्यालय होते. त्याचा संघ शहरातील शाळांतून आलेल्या, बहुतांशी ज्यू आणि कृष्णवर्णीय कुटुंबांतील मुलांचा होता, आणि 1950 साली त्याने एनसीएए व एनआयटी या दोन्ही राष्ट्रीय स्पर्धा एकाच हंगामात जिंकून दाखविल्या. स्थानिक भरतीचे याहून उज्ज्वल उदाहरण अमेरिकी बास्केटबॉलमध्ये सापडत नाही. परंतु पुढच्याच वर्षी, जुगाऱ्यांकडून पैसे घेऊन सामन्यातील गुणांचा फरक मुद्दाम कमी ठेवण्याचा प्रकार उघडकीस आला. त्यात सिटी कॉलेजसह लाँग आयलंड विद्यापीठ, मॅनहॅटन कॉलेज, न्यूयॉर्क विद्यापीठ यांचे तसेच ब्रॅडली, टोलेडो आणि केंटकी या न्यूयॉर्कबाहेरील विद्यापीठांचे खेळाडू अडकले. न्यूयॉर्कमधील महाविद्यालयीन बास्केटबॉलचा डोलारा कोसळला, मात्र शहरातील शाळा व खेळाची मैदाने पूर्वीसारखीच गजबजलेली राहिली. अशा रीतीने मोकळे झालेले गुणी खेळाडू मॅग्वायर यांनी आपल्या कॅथलिक व ज्यू वस्त्यांतील जुन्या परिचयाच्या बळावर दक्षिणेकडे नेले. 1957 मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकणाऱ्या त्यांच्या अपराजित संघातील सुरुवातीचे पाचही खेळाडू न्यूयॉर्क महानगर परिसरातील होते. त्यांचा 32 वा विजय कॅन्ससविरुद्ध तीन जादा डावांनंतर 54–53 असा मिळालेला होता, आणि कॅन्ससचा आधारस्तंभ विल्ट चेंबरलिन हाही फिलाडेल्फियाच्या ओव्हरब्रुक हायस्कूलमधून फॉग अ‍ॅलन या प्रशिक्षकांनी आणलेला परराज्यातील खेळाडू होता. नॉर्थ कॅरोलायनाच्या अभिमानाचा सर्वोच्च क्षण अशा रीतीने पूर्णतः आयात केलेल्या मुलांनी घडविला, आणि तेथील प्रेक्षकांनी त्यांना तत्काळ आपले मानले.

ही आपुलकी त्या काळात फक्त गोऱ्या खेळाडूंच्या वाट्याला येत होती, हे विसरता येत नाही. वर्णभेदामुळे दक्षिणेतील मोठ्या विद्यापीठांची दारे तेथील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना बंद होती, त्यामुळे ज्या मुलांनी घराजवळ खेळणे स्वाभाविक होते त्यांना एकतर कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या महाविद्यालयांत जावे लागे किंवा उत्तरेकडे व पश्चिमेकडे निघून जावे लागे. एल पासो येथील टेक्सस वेस्टर्न महाविद्यालयाचे प्रशिक्षक डॉन हॅस्किन्स यांनी या अन्यायाने बाहेर ठेवलेल्या खेळाडूंना दूरदूरच्या शहरांतून गोळा केले. त्यांच्या संघात न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधील, डेट्रॉइट परिसरातील, इंडियानातील गॅरी येथील आणि ह्यूस्टनमधील मुले होती. 19 मार्च 1966 रोजी झालेल्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात त्यांनी पाचही कृष्णवर्णीय खेळाडू सुरुवातीला उतरवून केंटकीच्या संपूर्ण गोऱ्या संघाला 72–65 असे हरविले. दक्षिणेतील प्रशिक्षकांना आपल्या अंगणातील खेळाडू नाकारण्याची किंमत त्या रात्री स्पष्ट दिसली.

त्याच वर्षी टेनेसीतील नॅशव्हिल शहरात पेरी वॉलेस हा पर्ल हायस्कूलचा खेळाडू आपल्या शाळेला राज्य अजिंक्यपद मिळवून देऊन त्याच शहरातील व्हँडरबिल्ट विद्यापीठात दाखल झाला आणि 1967–68 च्या हंगामात साउथईस्टर्न कॉन्फरन्स या दक्षिणेतील विद्यापीठगटात मुख्य संघाकडून बास्केटबॉल खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. भौगोलिक अंतराच्या दृष्टीने त्याच्याइतका स्थानिक खेळाडू क्वचितच असेल. तरीही मिसिसिपीसारख्या राज्यांतील सामन्यांत त्याला प्रेक्षकांच्या शिव्या आणि धमक्या सोसाव्या लागल्या, आणि स्वतःच्या विद्यापीठातही तो बराचसा एकटाच राहिला. पुढे तो कायद्याचा प्राध्यापक झाला. खेळाडूभरतीच्या इतिहासात विजेतेपदांच्या यादीहून अधिक महत्त्व या एका प्रवेशाला द्यावयास हवे, कारण स्थानिक या कल्पनेत शहरातील सर्व मुले प्रथमच सामावू लागली ती अशाच खेळाडूंच्या धैर्यामुळे.

जवळचे विद्यापीठ नेहमी मानवतेच असे नाही. लॅरी बर्ड हा इंडियानातील फ्रेंच लिक या छोट्या गावातील खेळाडू 1974 साली ब्लूमिंग्टन येथील इंडियाना विद्यापीठात गेला, पण तेथील हजारो विद्यार्थ्यांच्या गर्दीत जीव न रमल्याने महिना पुरा होण्यापूर्वीच परतला आणि नंतर घरापासून अधिक लांब असलेल्या टेरे होट येथील लहान इंडियाना स्टेट विद्यापीठात रुजला. 1979 च्या अंतिम सामन्यात त्याच्यासमोर मॅजिक जॉन्सन होता, जो मिशिगनमधील लॅन्सिंग शहरात वाढून शेजारच्याच ईस्ट लॅन्सिंगमधील मिशिगन स्टेट विद्यापीठात गेला होता. मिशिगन स्टेटने 75–64 असा जिंकलेला हा सामना महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या लोकप्रियतेतील मोठा टप्पा मानला जातो. त्याच विद्यापीठाने 2000 साली पुन्हा अजिंक्यपद मिळविले, तेव्हा प्रशिक्षक टॉम इझो यांच्या संघाचा कणा मोटार-कारखाने बंद पडून खंगलेल्या फ्लिंट या जवळच्या शहरातील मटीन क्लीव्ह्ज, मॉरिस पीटरसन आणि चार्ली बेल या तिघांचा होता.

1980 नंतर शाळेच्या प्रशिक्षकाचे महत्त्व उतरत गेले. त्यापूर्वी खेळाडूपर्यंत पोहोचण्याचा मार्ग त्याच्या शाळेतून जात असे. बूट बनविणाऱ्या कंपन्यांनी मात्र उन्हाळी शिबिरे आणि शाळाबाह्य संघांच्या स्पर्धा यांना पैसा पुरवून एक समांतर व्यवस्था उभी केली. सनी व्हॅकारो यांचे एबीसीडी शिबिर आणि नायकी कंपनीने 2010 मध्ये सुरू केलेली ईवायबीएल ही स्पर्धामालिका तिची ठळक उदाहरणे आहेत. देशभरातील निवडक मुले एकाच ठिकाणी खेळू लागल्याने प्रशिक्षकाला एका आठवड्यात शेकडो खेळाडू पाहता येऊ लागले आणि राज्याच्या सीमा पुसट झाल्या. मिशिगन विद्यापीठाने 1991 मध्ये एकाच वर्षी आणलेल्या पाच प्रसिद्ध खेळाडूंपैकी ख्रिस वेबर व जेलन रोझ डेट्रॉइट परिसरातील, जुवान हॉवर्ड शिकागोचा आणि जिमी किंग व रे जॅक्सन टेक्ससचे होते. या समांतर व्यवस्थेची काळी बाजू 2017 मध्ये केंद्रीय तपाससंस्थेने चार सहायक प्रशिक्षकांना अटक केली तेव्हा समोर आली. आदिदास कंपनीशी संबंधित व्यक्तींनी, कंपनीशी करार असलेल्या विद्यापीठांकडे खेळाडू वळावेत यासाठी त्यांच्या कुटुंबांना गुप्तपणे पैसे दिल्याचे 2018 मधील खटल्यात सिद्ध झाले.

निवासी खाजगी शाळांनी स्थानिकतेचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा केला. मेन राज्यातील न्यूपोर्ट गावच्या कूपर फ्लॅगने 2022 मध्ये आपल्या शाळेला राज्य अजिंक्यपद मिळवून दिले, त्यानंतर तो फ्लोरिडातील माँटव्हर्ड अ‍ॅकॅडमीत गेला आणि 2024 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील ड्यूक विद्यापीठात दाखल झाला. मेनमध्ये पहिल्या विभागातील विद्यापीठ एकच असल्याने अशा राज्यांतील प्रतिभावंताला बाहेर पडण्यावाचून फारसा पर्याय नसतो. काही विद्यापीठांनी तर देशाच्या सीमाही ओलांडल्या. कॅलिफोर्नियातील सेंट मेरीज महाविद्यालयाने पॅटी मिल्स आणि मॅथ्यू डेलाव्हेडोव्हा यांच्यासारखे ऑस्ट्रेलियन खेळाडू आणले, आणि स्पोकेन येथील गोंझागा विद्यापीठ, जेथे 1980 च्या सुमारास त्याच शहरातील जॉन स्टॉक्टन खेळला होता, तेथे पुढे लिथुएनियाचा डोमांटस सबोनिस आणि जपानचा रुई हाचिमुरा खेळले.

महिला बास्केटबॉलमध्ये शिष्यवृत्त्यांची वाट शिक्षणसंस्थांतील लिंगभेदाला मनाई करणाऱ्या 1972 च्या ‘टायटल नाइन’ या कायद्यानंतर खुली झाली. कनेक्टिकट व टेनेसी या विद्यापीठांनी देशभरातून खेळाडू निवडून दीर्घकाळ वर्चस्व राखले, परंतु स्थानिक खेळाडूने काय घडू शकते याचा प्रत्यय आयोवा राज्यातीलच वेस्ट डि मॉइन येथील केटलिन क्लार्कने दिला. तिने आयोवा विद्यापीठाला 2023 आणि 2024 अशा सलग दोन अंतिम सामन्यांत नेले आणि 3,951 गुणांसह पहिल्या विभागातील सर्वाधिक गुणांचा विक्रम केला.

जुलै 2021 पासून खेळाडूंना आपले नाव, प्रतिमा व प्रसिद्धी यांच्या व्यावसायिक वापरातून कमाई करण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाताना पूर्वी सोसावी लागणारी एका हंगामाची प्रतीक्षा पहिल्या बदलीपुरती माफ झाली, आणि 2024 मध्ये बदल्यांच्या संख्येवरील बंधनही उठले. ‘हाउस विरुद्ध एनसीएए’ या खटल्यातील जून 2025 मध्ये मान्य झालेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे 2025–26 या वर्षी सर्व खेळांतील खेळाडूंना मिळून सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत थेट वाटू शकतात, आणि शिष्यवृत्त्यांच्या संख्येऐवजी बास्केटबॉल संघावर पंधरा खेळाडूंची मर्यादा आली आहे. खेळाडूंच्या श्रमावर उभ्या राहिलेल्या उत्पन्नात त्यांना वाटा मिळणे न्याय्यच आहे. मात्र बावीस-तेवीस वर्षांचे तयार खेळाडू इतर विद्यापीठांतून मिळत असताना अनेक प्रशिक्षक हायस्कुलातून थेट येणाऱ्या मुलांना पूर्वीपेक्षा कमी जागा देऊ लागले आहेत. याचा फटका देशभर नाव झालेल्या मोजक्या खेळाडूंना बसत नाही. तो बसतो शेजारच्या विद्यापीठात दोन वर्षे राखीव बसून तिसऱ्या वर्षी खेळू लागणाऱ्या साध्या स्थानिक खेळाडूला, ज्याला आता प्रथम लहान विद्यापीठात खेळून स्वतःला सिद्ध करावे लागते आणि मगच बदलीच्या मार्गाने आपल्या राज्याच्या संघात येता येते.