देवांचे कपडे कुणाच्या मापाचे?



आपण देव सोडलेत. छप्पन सालीच आपल्या पणज्या-पणजोबांनी सोडले, आणि परत त्यांच्या वाटेला जायचं न्हाई हे पक्कं हाय. तरी या अंकात मी देवांच्या कपड्यांवर लिहितोय. कारण असं झालं, आपल्या जलशातला एक दोस्त कॅरिबियन बेटांवरची एक गोष्ट मंचावर आणू बघतोय. गोष्टीत चार देव. जमिनीची आसाका, पाण्याचा आग्वे, प्रेमाची एर्झुली, मरणाचा पापा गे. दोस्त मला म्हणाला, "तू सूतगिरणीत हायेस, कापडाचं तुला कळतं. सांग, ह्यांना घालायचं काय?"

मी आपला झटक्यात बोलून गेलो. जमिनीला हिरवा पाला, पाण्याला निळी ओढणी, मरणाला काळी घोंगडी. झालं. मग वाचायला बसलो आणि चार रात्रपाळ्यांची झोप गेली.

आधी गोष्ट. ही रोझा गाय यांची. बाई त्रिनिदादच्या, वाढल्या न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि कपडे शिवायच्या कारखान्यात लागल्या. म्हणजे आपल्याच जातीच्या, कामगार जातीच्या. अँडरसनची जलपरीची गोष्ट घेऊन त्यांनी ती बेटावरच्या काळ्या शेतकऱ्यांत नेऊन ठेवली आणि १९८५ साली पुस्तक काढलं. १९९० साली त्याचं संगीत नाटक झालं. बेटावर दोन तऱ्हेची माणसं. एकीकडं राबणारे काळे. दुसरीकडं फिक्या कातडीचे श्रीमंत, फ्रेंच मळेवाल्यांचं रक्त अंगात असलेले, आणि त्याच रक्ताच्या गुर्मीत जगणारे. पुरातून वाचलेली एक अनाथ पोरगी, तीमून, मोटार उलटून मरायला टेकलेल्या श्रीमंताच्या पोराला वाचवते, त्याच्यापायी मरणाशी सौदा करते. तो लग्न आपल्या जातीत करतो. ती त्याच्या फाटकाबाहेर मरते, देव तिचं झाड करतात. क्रिओल बोलीत तीमून म्हणजे नुसतं 'लेकरू'. धड नावसुद्धा न्हाई.

देवांची नावं हैतीची. हैतीच्या लोकांचा धर्म व्होडू, त्यांच्या देवांना लोआ म्हणतात. सिनेमावाल्यांनी या धर्माची बाहुलीत टाचण्या टोचायची जादू करून टाकली, ते सोडा. मला पहिला धक्का बसला तो हा, की हे देव पानंफुलं नेसत न्हाईत. निसर्गाचा देव म्हटला की त्याला पाला गुंडाळायचा, ही भरल्या पोटाची कल्पना. हैतीच्या देवांना शिवलेले कपडे आहेत, टोप्या आहेत, पिशव्या आहेत. आणि त्यातला एकेक कपडा कुठल्या तरी माणसाच्या अंगावरून आलाय.

जरा मागं जाऊ. हैतीचं तेव्हाचं नाव सां-दोमांग. फ्रान्सची वसाहत. साखर, कॉफी, कापूस, नीळ. १७८९ च्या सुमाराला तिथं जवळजवळ ५ लाख गुलाम होते आणि गोरे त्यांच्या दहाव्या हिश्शाएवढेसुद्धा नव्हते. १६८५ साली फ्रान्सच्या राजानं गुलामांसाठी कायदा केला, 'काळा कायदा' नावाचाच. त्यात लिहिलंय की प्रत्येक गुलामाचा बाप्तिस्मा झाला पाहिजे, दुसरा धर्म चालायचा न्हाई. आणि पंचविसावं कलम कापडाचं. दर साली गुलामाला जाड्याभरड्या कापडाचे दोन कपडे, नाहीतर चार ओन कापड. ओन म्हणजे त्यांचं माप. मी हिशोब केला, पावणेपाच मीटर भरतं. मर्जी मालकाची. वर्षभर ऊस तोडायचा, कापूस वेचायचा, आणि अंगाला पावणेपाच मीटर.

जे काळे आणि मिश्र रक्ताचे लोक गुलामीतून सुटले होते त्यांचे कपडेसुद्धा मोजले जात. १७७९ साली तिथं नियम निघाला की अशांनी गोऱ्यांसारखा पेहराव करायचा न्हाई. हे वाचलं आणि मला महाड आठवलं. १९२७ च्या डिसेंबरात बाबासाहेबांनी आपल्या बायांना सांगितलं होतं, लुगडं वरच्या जातीच्या बायांसारखं नेसा, जातीची खूण सांगणारे ते जड दागिने टाका. कपड्यावरनं माणूस ओळखायचा धंदा दोन्हीकडं एकच.

आता देव बघा. आग्वे समुद्राचा, तर त्याला आरमारी अधिकाऱ्याचा पोशाख. ज्यांना जहाजाच्या पोटात साखळ्या घालून आणलं, त्यांनी जहाजाच्या डेकवर कुणाला बघितलं असेल? मला वाटतं तोच कोट त्यांनी काढून आपल्या देवाला घातला. एर्झुली फ्रेडाला लेस, अत्तर, बोटांत तीन अंगठ्या, मालकिणीचा सगळा थाट. तिचीच दुसरी बहीण एर्झुली दांतोर, ती राबणारी, काळी, गालावर वार, लेकराला छातीशी धरलेली. तिची तसबीर म्हणून पोलंडच्या काळ्या मेरीचं चित्र लावतात. १८०२ साली नेपोलियननं बंड मोडायला पाठवलेल्या फौजेत पोलिश शिपाई होते, त्यांच्याबरोबर ते चित्र आलं असं सांगतात. नाटकात मात्र नुसती गोड एर्झुली घेतलीय, दांतोर न्हाई. मला हे खटकलं.

मरणाचा गेदे. त्याला काळा उंच टोप, मागं शेपटीसारखा लोंबणारा कोट, आणि नाकपुड्यांत कापूस. प्रेताच्या नाकात घालतात तसा. मी आठ तास कापसाच्या धुळीत उभा असतो, घरी येऊन शिंकरलं की पांढरं निघतं. त्यामुळं हा देव मला अनोळखी वाटला न्हाई.

पूजेच्या वेळी देव कुणाच्याही अंगात येतो. शेतमजूर बाईच्या अंगात आला तर तीच तो टोप घालते आणि गावातल्या बड्यांना तोंडावर शिव्या घालते. आपल्याकडं पोतराजाच्या कमरेला देवीचा खण, हातात देवीचा आसूड, पण आसूड पडतो तो त्याच्याच पाठीवर. तिकडं निदान एका रात्रीपुरता कोट बदलतो. सकाळी ऊस तोच असतो, हेही खरं.

पण एक रात्र अशी आली की सकाळ तीच राहिली न्हाई. ऑगस्ट १७९१ मध्ये ब्वा काइमानच्या रानात गुलाम जमले, पुढारी बुकमान. पूजा झाली, आणि काही दिवसांत मळे पेटले. १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झाला. फ्रान्सनं पुढं १८२५ साली त्याच लोकांकडनं १५ कोटी फ्रँक भरपाई मागितली, मालकांचं नुकसान झालं म्हणून!

आसाका सगळ्यात शेवटी ठेवली, कारण खरी गाठ तिथंच हाय. नाटकात ती आई आहे, हैतीत तो पुरुष, आझाका. त्याला देवबीव म्हणत न्हाईत, 'कुझेन' म्हणतात, म्हणजे चुलतभाऊ. गवती टोपी, निळ्या डेनिमचा सदरा, गळ्यात लाल रुमाल, खांद्याला गवताची पिशवी. निव्वळ शेतकरी. ती पिशवी म्हणजे मकूत.

१९५७ साली फ्रान्स्वा दुवालिए हैतीचा अध्यक्ष झाला. काळ्यांचा कैवारी म्हणून आला आणि मरेपर्यंत, १९७१ पर्यंत, हटला न्हाई. मग पोरगा, १९८६ पर्यंत. हा दुवालिए व्होडूचा अभ्यासक होता. स्वतः काळा सूट, काळी हॅट, जाड चष्मा घालून गेदेसारखा वावरायचा. आणि त्याच्या गुंडांच्या फौजेला कपडे काय दिले? निळी डेनिम आणि लाल रुमाल. आझाकाचे! लोकांनी त्यांना नाव ठेवलं तोंतों मकूत, पोरांना पिशवीत घालून नेणारा बागुलबुवा. शेतकऱ्याच्या चुलतभावाचा सदरा घालून शेतकऱ्याच्याच दारावर रात्री थाप. १९४१ साली चर्चनं सरकारच्या मदतीनं व्होडूचे ढोल, पूजेच्या वस्तू जाळल्या होत्या. पण मला विचाराल तर त्या होळीपेक्षा ही चोरी वाईट. आपल्यातल्याच कुणी निळा झेंडा गाडीला लावून वस्तीवर दमदाटी केली तर कसं वाटतं, ते प्रत्येकानं आपल्या मनाला विचारावं.

२०१७ साली न्यूयॉर्कला हे नाटक परत झालं. कपडे क्लिंट रामोस यांनी केले. वादळ येऊन गेलंय, किनाऱ्यावर भंगार पडलंय, त्या टाकाऊ सामानातूनच देव सजतात, अशी कल्पना. ही मला पटली.

दोस्ताचं म्हणणं, डेनिम नको, लोकांना मकूत आठवतील. मी म्हणतो, डेनिमच पाहिजे, पण घामानं विटलेली, गुडघ्यावर ठिगळ लावलेली. इस्त्री केलेली डेनिम ती मकूतांची. पापा गेला काळा गॉगल द्या, पण एक काच काढून. गेदे तसाच घालतो, एक डोळा जित्यांकडं, एक मेलेल्यांकडं. नाकातला कापूस मी गिरणीतून आणतो. आणि तीमूनसाठी पावणेपाच मीटर मांजरपाट सांगून ठेवलाय, एक बोटभर जास्त न्हाई. शिलाई वस्तीतली एक मावशी करून देते म्हणालीय. फक्त तिनं विचारलं, एवढ्यात बाह्या कशा काढू?