हुथींचे हल्ले : भारत अमेरिकेच्या आघाडीबाहेर का राहिला?

२३ डिसेंबर २०२३. अरबी समुद्रात ‘केम प्लूटो’ या टँकरवर ड्रोन हल्ला झाला. जहाजावर २१ भारतीय कर्मचारी होते. ड्रोन इराणमधून सुटल्याचा आरोप अमेरिकेने केला, इराणने तो फेटाळला. दोन दिवसांनी हे जहाज मुंबईत आणलं गेलं.

मूळ प्रश्न काय?
येमेनमधील हुथी बंडखोरांनी नोव्हेंबर २०२३ पासून गाझा युद्धाचं कारण देत लाल समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केले. जगाचा सुमारे १२ टक्के व्यापार याच मार्गाने सुएझ कालव्यातून होत असे. अनेक कंपन्यांनी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून नेली. प्रवास १० ते १४ दिवसांनी लांबला, भाडं वाढलं.

भारताने काय केलं?
अमेरिकेने डिसेंबरमध्ये बहुराष्ट्रीय आघाडी उभारली. भारत तिच्यात गेला नाही, पण आपल्या युद्धनौका अरबी समुद्रात आणि एडनच्या आखाताजवळ तैनात केल्या. जानेवारी २०२४ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी तेहरानमध्ये हा मुद्दा मांडला. मार्चमध्ये ‘ट्रू कॉन्फिडन्स’ जहाजावरच्या हल्ल्यात ३ खलाशी मारले गेले. ‘आयएनएस कोलकाता’ने २१ जणांना वाचवलं.

बाहेर का?
हुथींना इराणचा पाठिंबा आहे. भारताला चाबहार बंदरासाठी इराण हवा, शस्त्रांसाठी इस्रायल आणि तेलासाठी अरब देश. आघाडीबाहेर राहिल्याने सगळ्यांशी बोलणी सुरू राहिली. मात्र युद्धनौका खलाशांना वाचवू शकतात, हल्ल्यांचं मूळ कारण मिटवू शकत नाहीत.