‘दहा-दहाचे तीन सेट’ : एका लोखंडी बुटाचा इतिहास

१/९
गुडघा दुखावलेल्या कबड्डीपटूला फिजिओथेरपिस्ट सांगतात, ‘‘दहा-दहाचे तीन सेट करा.’’ हा आकडा आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की तो आला कुठून, हे कोणी विचारत नाही. त्याचा माग काढला की आपण दुसऱ्या महायुद्धातल्या एका लष्करी रुग्णालयात पोहोचतो.

२/९
त्या काळी दुखावलेल्या सांध्यावर मुख्य इलाज म्हणजे विश्रांती. व्यायाम दिलाच तर वजन हलके आणि आवर्तने पुष्कळ. जड वजन धोक्याचे मानले जाई. प्लास्टर निघेपर्यंत मांडीचे स्नायू वाळून गेलेले असत. जखम भरे, पण पाय उभे राहण्यास भरवसा देत नसे.

३/९
थॉमस डेलॉर्म हे अमेरिकी सैन्यातील तरुण डॉक्टर. किशोरवयात ऱ्हुमॅटिक तापाने त्यांना अंथरुणाला खिळवले होते. गेलेले बळ त्यांनी वजने उचलून परत मिळवले. शिकागोच्या गार्डिनर जनरल हॉस्पिटलात गुडघे दुखावलेले सैनिक समोर आले, तेव्हा हाच अनुभव त्यांनी उपचारात उतरवला.

४/९
साधन अगदी साधे होते. रुग्णाला टेबलाच्या कडेवर बसवायचे, पायाला लोखंडी बूट बांधायचा, त्याला वजने अडकवायची आणि गुडघा सरळ करायला लावायचा. बळ वाढेल तसे वजन वाढवायचे. १९४५ साली डेलॉर्म यांनी ही पद्धत शोधनिबंधातून मांडली.

५/९
आरंभी ते दहा आवर्तनांचे सात ते दहा सेट करवून घेत. १९४८ साली आर्थर वॉटकिन्स यांच्यासह त्यांनी स्वतःचेच प्रमाण अतिरिक्त ठरवले आणि ते तीन सेटवर आणले. जे वजन जेमतेम दहाच वेळा उचलता येते ते परिमाण मानायचे. पहिला सेट त्याच्या ५० टक्के वजनाने, दुसरा ७५ टक्के, तिसरा पूर्ण वजनाने.

६/९
त्याच वर्षी पोलिओने दुबळ्या झालेल्या मांडीच्या स्नायूंवरही त्यांनी या पद्धतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. भारतात तर या विद्येचे औपचारिक शिक्षण पोलिओमुळेच आले. १९५३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने मुंबईच्या केईएम रुग्णालयात देशातील पहिले फिजिओथेरपी विद्यालय सुरू झाले.

७/९
तरीही शस्त्रक्रियेनंतर गुडघा जखडून ठेवण्याची रीत पुढे कित्येक वर्षे टिकली. इंडियानापोलिसचे शल्यविशारद डोनाल्ड शेलबोर्न यांच्या लक्षात आले की, एसीएल या लिगामेंटच्या शस्त्रक्रियेनंतर सूचना मोडून लवकर हालचाल करणारे रुग्णच अधिक चांगले बरे होत आहेत. रुग्णांना दटावण्याऐवजी त्यांनी पद्धत बदलली. पॉल नित्झ यांच्यासह १९९० साली त्यांनी ती प्रसिद्ध केली : गुडघा लगेच पूर्ण सरळ करायचा, पायावर लवकर भार द्यायचा.

८/९
पण लवकर हालचाल म्हणजे लवकर मैदान नव्हे. हेगे ग्रिन्डेम आणि सहकाऱ्यांच्या २०१६ च्या अभ्यासात, शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत पुनरागमन जितके महिने लांबले, त्या प्रत्येक महिन्यागणिक गुडघा पुन्हा दुखावण्याचे प्रमाण ५१ टक्क्यांनी घटलेले आढळले. निवड चाचणी तोंडावर आलेल्या खेळाडूला हे पटवणे सोपे नसते.

९/९
इतिहासाने आपल्या हाती आकडा ठेवला, त्यामागचा विचार मात्र वाटेत गळाला. डेलॉर्म यांच्या पद्धतीचा गाभा ‘तीन’ किंवा ‘दहा’ नव्हता. बळाचे मोजमाप आणि त्यानुसार वाढणारा भार हा होता. दुखणे थांबताच व्यायाम सोडणारा खेळाडू आणि महिनोन्‌महिने त्याच हलक्या वजनाने तीन सेट उरकणारा खेळाडू, दोघेही एकच चूक करतात. म्हणून पुढच्या वेळी सेट मोजताना सोबत हेही विचारावे : गेल्या आठवड्यापेक्षा आज भार किती वाढला?