खासगी चांद्रयानांनी टिपलेली पृथ्वी

चंद्राजवळून पृथ्वीचे पहिले छायाचित्र २३ ऑगस्ट १९६६ रोजी अमेरिकेच्या ‘लूनार ऑर्बिटर १’ या मानवरहित यानाने टिपले. २४ डिसेंबर १९६८ रोजी अपोलो ८ मधून बिल अँडर्स यांनी घेतलेले पृथ्वीच्या उदयाचे रंगीत छायाचित्र जगभर गाजले. त्यानंतरची सुमारे पाच दशके चंद्राच्या वाटेवरून येणारी अशी छायाचित्रे मुख्यतः सरकारी अवकाश संस्थांच्या यानांचीच होती.

हे चित्र पालटले ते एका स्पर्धेमुळे. २००७ मध्ये ‘गूगल लूनार एक्स प्राइझ’ जाहीर झाले. प्रामुख्याने खासगी पैशातून यान चंद्रावर उतरवायचे, तिथे ५०० मीटर अंतर कापायचे आणि उच्च दर्जाची छायाचित्रे व चलत्‌चित्रे पृथ्वीवर पाठवायची, अशा अटी होत्या. एकूण बक्षीस तीन कोटी डॉलरचे होते. २०१७ मध्ये अंतिम फेरीत पोहोचलेल्या पाच संघांत बंगळूरुचा ‘टीमइंडस’ होता आणि जपानच्या ‘हाकुतो’ संघाची बग्गी त्याच्याच यानातून जाणार होती. मात्र ३१ मार्च २०१८ पर्यंत एकाही संघाचे यान उडाले नाही आणि बक्षीस कुणालाच मिळाले नाही. तरीही स्पर्धेत उतरलेल्या काही संघांनी काम पुढे चालू ठेवले. इस्रायलची ‘स्पेसआयएल’, अमेरिकेची ‘अ‍ॅस्ट्रोबोटिक’ आणि ‘हाकुतो’मागची जपानी कंपनी ‘आयस्पेस’ यांची याने पुढे अवकाशात गेली.

पहिला मान ‘स्पेसआयएल’च्या ‘बेरेशीट’ला मिळाला. सुमारे दहा कोटी डॉलर खर्चाचे आणि इंधनासह ५८५ किलो वजनाचे हे यान २२ फेब्रुवारी २०१९ रोजी फाल्कन ९ अग्निबाणाने निघाले. अग्निबाणात मुख्य जागा इंडोनेशियाच्या दळणवळण उपग्रहाची होती, त्यामुळे यानाला थेट चंद्राकडे जाता आले नाही. पृथ्वीभोवती अधिकाधिक लांबट होत जाणाऱ्या कक्षांतून फिरत त्याने सहा आठवड्यांत चंद्र गाठला. या फेऱ्यांमुळे पृथ्वी टिपण्याची संधी मात्र पुन्हा पुन्हा मिळाली. मार्चच्या सुरुवातीला ३७,६०० किलोमीटरवरून घेतलेल्या छायाचित्रात पुढे यानावरची इस्रायली ध्वजाची पाटी आणि मागे पूर्ण उजळलेली पृथ्वी दिसते. पृथ्वीवर ऑस्ट्रेलियाही ओळखू येतो.

अशा छायाचित्राला तांत्रिक मोल असते. कॅमेरा, संगणक, वीजपुरवठा आणि संदेशवहन ही सारी साखळी चालू असल्याखेरीज ते पृथ्वीवर पोहोचत नाही. शिवाय चौकटीत पृथ्वी नेमकी कुठे आहे, यावरून यानाचे तोंड कोणत्या दिशेला आहे हे पडताळता येते. पैसा पुरवणाऱ्यांसाठी आणि सामान्य लोकांसाठी तर मोहीम सुरळीत चालल्याचा तो सर्वांत सहज समजणारा पुरावा असतो. अवतरणाची खात्री नसलेल्या मोहिमांत हा पुरावा वाटेतच हाती लागतो. ११ एप्रिल २०१९ रोजी ‘बेरेशीट’ने उतरता उतरता २२ किलोमीटर उंचीवरून एक छायाचित्र पाठवले. त्यानंतर गतिमापक यंत्रणेतील बिघाडाच्या मालिकेत इंजिन बंद पडले आणि यान चंद्रावर आदळले.

‘आयस्पेस’च्या ‘हाकुतो-आर’ची कहाणीही अशीच आहे. २० एप्रिल २०२३ च्या सूर्यग्रहणात या यानाने चंद्राच्या कक्षेतून क्षितिजावरची पृथ्वी टिपली. तिच्यावर ऑस्ट्रेलियाच्या बाजूला पडलेली चंद्राची काळी सावली स्पष्ट दिसते. काही दिवसांतच अवतरणाच्या वेळी संगणकाचा उंचीचा अंदाज सुमारे पाच किलोमीटरने चुकला आणि इंधन संपून यान कोसळले. जानेवारी २०२४ मध्ये ‘अ‍ॅस्ट्रोबोटिक’च्या ‘पेरेग्रीन’ला इंधनगळतीमुळे चंद्रापर्यंत जाताच आले नाही. पृथ्वीची कोर टिपून ते १८ जानेवारीला दक्षिण पॅसिफिकवरील वातावरणात जळून गेले.

पहिले यशस्वी खासगी अवतरण ह्यूस्टनच्या ‘इंट्युइटिव्ह मशीन्स’ने केले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निघालेल्या ‘ओडिसियस’ने अग्निबाणापासून सुटताच पृथ्वीची छायाचित्रे घेतली. २२ फेब्रुवारीला ते चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले, पण कलंडले. वीज संपण्यापूर्वी त्याने पाठवलेल्या अखेरच्या छायाचित्रात चंद्रभूमीपलीकडे पृथ्वीची कोर आहे.

कक्षेतून आणि भूपृष्ठावरून दिसणाऱ्या पृथ्वीत एक मूलभूत फरक आहे. चंद्राची एकच बाजू सदैव पृथ्वीकडे असते. त्यामुळे त्याच्या जमिनीवरून पृथ्वी आकाशात जवळजवळ एकाच जागी दिसते. तिचा उदय दिसतो तो कक्षेत फिरणाऱ्या यानालाच. पृथ्वीच्या कलाही चंद्राच्या उलट असतात. आपल्याकडे अमावास्या असते, तेव्हा तिथून पृथ्वी पूर्ण उजळलेली दिसते.

या स्थिर पृथ्वीचा उपयोग ‘फायरफ्लाय एरोस्पेस’च्या ‘ब्लू घोस्ट’ने करून घेतला. १५ जानेवारी २०२५ रोजी निघालेले हे यान २ मार्चला मारे क्रिसियम या मैदानात सरळ उभे उतरले. त्यावर नासाची दहा उपकरणे होती. त्यांतील ‘लेक्सी’ ही दुर्बीण पृथ्वीच्या चुंबकीय आवरणाची कड क्ष-किरणांत टिपण्यासाठी होती. १४ मार्चला पृथ्वीवरून खग्रास चंद्रग्रहण दिसत असताना चंद्रावर सूर्यग्रहण होते. पृथ्वीआड गेलेल्या सूर्याची हिऱ्याच्या अंगठीसारखी कड यानाने टिपली आणि चांद्ररात्र सुरू झाल्यावर १६ मार्चला त्याचे काम थांबले. ‘बेरेशीट’साठी पृथ्वीचे छायाचित्र ही प्रवासातील खूण होती. ‘ब्लू घोस्ट’पर्यंत येताना पृथ्वी स्वतःच खासगी यानाच्या निरीक्षणाचा विषय झाली.