दुपारच्या शांततेमागे

जॉन कॉन्स्टेबलचं ‘द हे वेन’ तुम्ही कॅलेंडरवर किंवा बिस्किटांच्या डब्यावर कधी तरी पाहिलं असेल. डावीकडे झाडांना टेकलेलं छोटं घर, धुराडं आणि समोर उथळ पाण्यात उभी असलेली वैरणीची रिकामी गाडी. काठावर एक कुत्रा. घाई कुणालाच नाही. 1821 साली लंडनच्या रॉयल अकॅडमीत हे चित्र लागलं, तेव्हा त्याचं नाव ‘निसर्गचित्र: दुपार’ असं होतं.

जागा खरी आहे. इंग्लंडमधल्या सफोक परगण्यातलं, स्टूर नदीकाठचं फ्लॅटफर्ड. ते घर विली लॉट नावाच्या शेतकऱ्याचं. जवळची गिरणी कॉन्स्टेबलच्या वडिलांची. लहानपणापासून पाहिलेला हा काठ त्याने जुन्या रेखाटनांच्या आधारे लंडनमध्ये बसून सुमारे सहा फूट रुंद कॅनव्हासवर रंगवला.

त्या वर्षांत सफोकमधली शेतं मात्र शांत नव्हती. 1815 मध्ये नेपोलियनशी चाललेलं युद्ध संपलं. सैनिक घरी परतले, धान्याचे भाव पडले, मजुरी घटली. हिवाळ्यात हाताने मळणी करून मजूर चार पैसे मिळवत. ते काम यंत्रांनी घेतलं. 1816 मध्ये दंगे झाले. 1822 मध्ये, म्हणजे चित्र लागल्यानंतर वर्षभरातच, मजुरांनी मळणीयंत्रं फोडली. कॉन्स्टेबलचं घराणं धान्याच्या व्यापारातलं, गिरणीमालकांचं. तो कोणत्या बाजूने गावाकडे पाहत होता, हे त्यावरून कळतं.

मग हे चित्र खोटं का? तसं म्हणता येत नाही. त्यातली हिरवाई एकाच रंगाची नाही. पानांवर, पाण्यावर पांढऱ्या रंगाचे बारीक ठिपके चमकतात. लंडनमध्ये चित्र विकलं गेलं नाही. 1824 मध्ये पॅरिसमध्ये त्याला सुवर्णपदक मिळालं, ते या ताज्या, ओलसर उजेडामुळे. इतका उजेड पकडायला त्या जागेवर खरोखर जीव असावा लागतो.

पण ही शांतता निवडलेली आहे. गावाच्या अनेक दुपारींतली एक त्याने ठेवली, बाकीच्या वगळल्या.

चित्र आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. मोबाईलवर उघडाल तेव्हा घरावरून नजर काढून उजवीकडच्या दूरच्या कुरणावर झूम करा. तिथे काही पांढरे ठिपके दिसतील. ते सदऱ्यातले मजूर आहेत, वैरण गोळा करणारे. त्यांना चेहरे नाहीत. पण दुपार त्यांचीही आहे, आणि ते विसावलेले नाहीत.