अतिवृष्टी अनुदान : पंचनामा झाला, मग पैसे अडकतात कुठं?

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला आणि परंडा, करमाळा, माढा या तालुक्यांतली उभी पिकं पाण्याखाली गेली. अशा वेळी एकाच शिवारात एकाच्या खात्यावर रक्कम पडते अन् बांधाशेजारचा बँकेत चकरा मारत राहतो. कारण बहुतेक वेळा कागदातच सापडतं.

मदत कोणाला?
महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असावं लागतं. नुकसान ३५ टक्के असो की शंभर टक्के, दर एकच.

दर किती?
हेक्टरी जिरायतीला ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० रुपये, फळबागेसारख्या बहुवार्षिक पिकाला २२,५०० रुपये. एरवी मर्यादा २ हेक्टरची; ऑक्टोबर २०२५ च्या पॅकेजमध्ये ती ३ हेक्टर केली आणि रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी १०,००० रुपये वेगळे जाहीर झाले. म्हणजे एक एकर (४० आर) जिरायत सोयाबीन गेलं, तर पिकाचे ३,४०० रुपये. म्हणून याला अनुदान म्हणतात. पूर्ण भरपाई ही नव्हेच.

पैसे येतात कसे?
तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून पंचनामा करतात. तहसील कार्यालयातून यादी ऑनलाइन भरली जाते. यादीत प्रत्येक नावापुढं विशिष्ट क्रमांक असतो. तो घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात आधार प्रमाणीकरण, म्हणजे ई-केवायसी करायची. शेतकरी ओळख क्रमांक (फार्मर आयडी) काढलेल्यांना २०२५ मध्ये यातून सूट दिली गेली. रक्कम आधार जोडलेल्या खात्यावरच जाते. पासबुक एका बँकेचं अन् आधार दुसऱ्या बँकेला जोडलेलं असेल, तर पैसे त्या दुसऱ्या बँकेत शोधावेत.

अडकतात कुठं?
• सामायिक गट : खातेदारांनी एकाच्या नावावर संमतीपत्र दिलं नाही, तर सगळ्यांचेच पैसे थांबतात. भावकीचं भांडण इथं महागात पडतं.
• मयत खातेदार : वारस नोंद नसेल तर यादीत नाव वडिलांचं, त्यांचा अंगठा कोण लावणार? फेरफार आधीच करून घ्यावा.
• ई-पीक पाहणी : सातबाऱ्यावर सोयाबीनऐवजी दुसरंच पीक किंवा पड नोंदलेली असली की वाद होतो.
• क्षेत्र : यादीत आर कमी लागले असतील, तर तहसीलदारांकडं लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी. तोंडी सांगितल्याचा पुरावा राहत नाही.

बटईदाराचं काय?
पेरणी, खत, फवारणी बटईदाराची असली तरी अनुदान सातबाऱ्यावरच्या नावाला. मालकानं दिलं तरच त्याच्या हातात काही पडतं. बटईचा करार सहसा तोंडीच असतो. नुकसान झाल्यास अनुदान कसं वाटायचं, हे पेरणीआधी कागदावर घेतलेलं बरं.

बँकेनं कापून घेतलं तर?
मदतीच्या रकमेतून बँकेनं कर्जवसुली करू नये, असं शासन निर्णयातच लिहिलेलं असतं. त्याची प्रत काढून तक्रार शाखेत आणि तहसीलला लेखी द्यावी. पीकविमा ही वेगळी बाब आहे. विमा भरला नसला तरी या अनुदानाचा हक्क जात नाही.