झीरो माइल ते पॉइंट निमो

नागपूरच्या माणसाने समुद्रावर लिहावं म्हणजे जरा जास्तच झालं, मान्य. आमच्याकडे पाणी म्हणजे फुटाळा, अंबाझरी, फार तर गोरेवाड्याचं तळं. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी, मुंबईच्या इंडस्ट्रियल व्हिजिटला. पोहता तर अजूनही येत नाही. पण गेल्या शनिवारी तर्री-पोहे खाताना मित्र म्हणाला, "समुद्रबिमुद्र कोकणवाल्यांचं काम आहे बे, आपण कोरडी माणसं." तेव्हा काही सुचलं नाही. (मला वादातली उत्तरं नेहमी रात्री सुचतात.) म्हणून हा वीकेंड यात गेला.

तर मंडळी, सुरुवात आपल्या झीरो माइलपासून. तो खांब, ते चार घोडे, आणि शेजारी १९०७ सालचा सर्वेक्षणाचा दगड. हा दगड इथली समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतो, हजारएक फूट. म्हणजे भर जमिनीच्या पोटात बसूनही माप समुद्रापासूनच!

याच्या अगदी उलट टोकाची जागा म्हणजे पॉइंट निमो. दक्षिण पॅसिफिकमधला असा बिंदू, की जिथून कुठलीही जमीन जास्तीत जास्त लांब आहे. सर्वात जवळची जमीन २६८८ किलोमीटरवर, म्हणजे ढोबळमानाने काश्मीर ते कन्याकुमारी. डोक्यावरून अंतराळ स्थानक जातं तेव्हा सर्वात जवळची माणसं तीच, जेमतेम ४०० किलोमीटरवर. गंमत म्हणजे ही जागा कोणा दर्यावर्दीने शोधलेली नाही. १९९२ साली ह्र्वोये लुकातेला नावाच्या सर्व्हे इंजिनिअरने स्वतःच्या सॉफ्टवेअरवर गणित करून ती काढली, खुर्चीत बसून. आपल्या जातभाईचं एवढं कौतुक तरी करायलाच हवं :)

नाव ठेवलं ज्यूल व्हर्नच्या कॅप्टन निमोवरून. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठीत आणला, त्यामुळे निमो आपल्यातल्या अनेकांना शाळेतच भेटलेला असतो. पण हा निमो मूळचा कोण, हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं. १८७४-७५ च्या 'मिस्टीरियस आयलंड'मध्ये व्हर्न सांगतो की हा राजपुत्र डक्कार, बुंदेलखंडाच्या राजाचा मुलगा, १८५७ मध्ये इंग्रजांविरुद्ध लढलेला. (टिपू सुलतानाच्या नात्यातलाही म्हणे. ते कसं जमवलं ते व्हर्नच जाणे.) म्हणजे तोही कोरडाच की! नागपूरहून सिवनी, नरसिंहपूर करत वर गेलात की बुंदेलखंडात जे मोठं गाव लागतं, त्याचं नाव सागर. आणि हा कोरडा माणूस कादंबरीत शेवटचा श्वास घेतो तो ताहितीच्या बराच खाली दक्षिणेला, एका एकाकी बेटाच्या पोटातल्या गुहेत. बेट काल्पनिक आहे, पण पत्ता पॉलिनेशियाच्या दाराशीच.

खऱ्या पॉइंट निमोच्या जवळची जमीनही पॉलिनेशियाचीच. एक पिटकेर्न समूहातलं निर्मनुष्य ड्युसी बेट, दुसरं रापा नुईच्या, म्हणजे ईस्टर आयलंडच्या, टोकाला असलेला मोटू नुई हा खडक. (तिसरी जागा अंटार्क्टिकाजवळ, तिथे माणसाचं काम नाही.) मोटू नुईवर १९ व्या शतकापर्यंत दरवर्षी एक जीवघेणी शर्यत व्हायची. ओरोंगोच्या कड्यावरून खाली उतरायचं, शार्क असलेल्या पाण्यातून पोहत खडकावर जायचं, समुद्रपक्षी अंडं घालेपर्यंत थांबायचं आणि पहिलं अंडं न फोडता परत आणायचं. ज्याच्या माणसाने ते आणलं तो त्या वर्षाचा 'पक्षी-मानव'.

पण मला खरं थक्क केलं ते, ही माणसं तिथे पोचलीच कशी याने. रापा नुईवर वस्ती झाली साधारण १२ व्या-१३ व्या शतकात. लोखंड नाही, होकायंत्र नाही. दोन होड्या आडव्या वाशांनी बांधायच्या आणि निघायचं. कुठला तारा क्षितिजावर कुठे उगवतो हे पाठ, लाटांची दिशा अंगाने ओळखायची, पक्षी संध्याकाळी कुठे परततात ते बघायचं. १७६९ मध्ये कॅप्टन कुकच्या जहाजावर तुपाइया नावाचा रायातेआचा जाणकार चढला. त्याने सांगितलेल्या माहितीवरून जो नकाशा झाला त्यात सत्तरच्या वर बेटं आहेत. तरीही पुढे कित्येक विद्वान म्हणत राहिले की हे लोक वाऱ्याने भरकटत चुकून पोचले असतील. शेवटी १९७६ साली 'होकुलेआ' ही जुन्या धर्तीची जोडहोडी, एकही उपकरण न वापरता, हवाईहून ताहितीला नेऊन दाखवावी लागली. वाट दाखवणारा होता मायक्रोनेशियातल्या सातावाल बेटाचा माउ पियाइलुग. म्हणजे ज्यांनी महासागर पालथा घातला, त्यांनाच पुन्हा सिद्ध करावं लागलं. आणि त्याच काळात आपल्याकडे शास्त्रीबुवा समुद्रोल्लंघनाला प्रायश्चित्त सांगत होते. असो.

आता मित्राचं उत्तर. भारताची शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा, हे डोक्यात घेतलं व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांनी. १९७१ च्या युद्धात 'कामोर्ता'चे कप्तान, वीरचक्र. निवृत्तीनंतर राहायचे कुठे, तर सातारा जिल्ह्यात, फलटणजवळच्या विंचुर्णीत. समुद्र कुठच्या कुठे! २००६ मध्ये नौदलाने स्वयंसेवक विचारला, दिलीप दोंदे पुढे आले. ते शिकायला गेले रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनकडे, ज्याने १९६८-६९ मध्ये न थांबता एकट्याने पहिली प्रदक्षिणा केली, आणि तीही मुंबईत बांधलेल्या सागवानी 'सुहेली'तून. दोंद्यांची 'म्हादेई' बांधली गोव्यात दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांनी. डच डिझाइनचं नाव काय असावं? 'टोंगा ५६'. टोंगा म्हणजे पॉलिनेशियातला देश! १९ ऑगस्ट २००९ ला दोंदे मुंबईहून निघाले, मे २०१० मध्ये परतले.

म्हादेईची धाकटी बहीण 'तारिणी', तीही टोंगा ५६ च. २ ऑक्टोबर २०२४ ला लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. तिला घेऊन गोव्याहून निघाल्या. न्यूझीलंडच्या लिटलटनहून पोर्ट स्टॅनलीला जाताना, ३० जानेवारी २०२५ ला, त्या पॉइंट निमोवरून गेल्या. बोटीवर दोघीच. तिथे त्यांनी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसाठी पाण्याचे नमुने भरून घेतले. बुंदेलखंडाच्या राजपुत्राच्या नावाच्या पाण्यातून शेवटी आपली बोट गेली, १७ मीटरची, शिडावर.

हे सगळं मित्राला रात्री फोनवर ऐकवलं, विंचुर्णीवर विशेष जोर देऊन. तो शांतपणे म्हणाला, "ते ठीक आहे भाऊ, पहिले पोहणं तर शीक."

काल स्विमिंग पूलवर जाऊन आलो. सकाळी सहाच्या बॅचला जागा आहे म्हणे.